हूटरकाकांचा पिवळा दिवा

हूटरकाकांच्या घरात कुठलाही बिघाड गुपचूप होऊ शकत नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला की ते बाहेरच्या खोलीतून ओरडतात, "नळ!" फ्रिजचं दार अर्धवट राहिलं की, "फ्रिज!" आणि ओरडून ते थांबत नाहीत, शर्टाच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून लगेच उठतात. दूध उतू जातं तेव्हाही ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच येतात. काकू फडकं हातात देतात तेव्हा त्यांच्या लक्षात येतं.

हे नाव त्यांना शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरातल्या सहकाऱ्यांनी दिलं. तिथल्या कंट्रोल रूममध्ये एक अख्खी भिंत दिव्यांची होती. हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे लक्ष दे, तांबडा म्हणजे पळ. बिघाड झाला की हूटर, म्हणजे इशाऱ्याचा भोंगा, कोकलायचा. एक बटण दाबलं की हूटर गप्प व्हायचा, पण दिवा मात्र खरा बिघाड निघेपर्यंत तसाच जळत राहायचा. नव्या माणसाला वाटायचं, आवाज थांबला म्हणजे काम झालं. मग काका विचारायचे, "तोंड दाबलंस रे त्याचं. पण पोट दुखायचं थांबलं का?"

त्याहून त्यांना प्रिय होता तो चार्ज देण्याचा रिवाज. पाळी संपली म्हणून खुर्चीतून उठायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस शेजारी येऊन उभा राहणार, आणि आपण बसल्या बसल्या त्याला सगळं सांगायचं. काय चालू आहे, काय बंद आहे, आणि मुख्य म्हणजे, भिंतीवर दिसत नाही पण आपल्याला ठाऊक आहे ते काय आहे. सांगून झालं की तो विचारणार, "आणखी काही?" काही नसेल तर नाही म्हणायचं. मग तो म्हणणार, "घेतलं." हा शब्द कानावर पडला की उठायचं, आधी नाही. एकदा एकाने घरी जायच्या घाईत गळका व्हॉल्व्ह सांगितलाच नाही, आणि तळघरात गुडघाभर पाणी साचलं. काकांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं ते त्याची बदली होईपर्यंत. निरोपाच्या दिवशी मात्र त्याला मिठी मारून रडले, कारण काका रागीट असले तरी दगड नव्हते.

या पाळ्यांच्या भानगडीत काकूंच्या सगळ्या संध्याकाळी एकटीच्या गेल्या. मुलीची शाळा, तिचे दात, तिचा पोहण्याचा क्लास, सासूबाईंचं हॉस्पिटल, सगळीकडे काकूंनीच गाडी हाकली. काका घरी असायचे तेव्हा झोपलेले असायचे, आणि जागे असायचे तेव्हा पंपघरात. म्हणून निवृत्त झाले त्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी जाहीर केलं, "आता तुला जिथे जायचं असेल तिथे मी नेणार. तू नुसतं शेजारी बसायचं." काकू हसल्या, आणि किल्ली त्यांनी काकांच्या हातावर ठेवली.

काकूंना जायचं होतं गाण्याला. नदीपलीकडे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बायकांचा एक गट आठवड्यातून एकदा संध्याकाळी जमतो आणि एकत्र गातो. काकूंचा आवाज खर्जातला. काका त्यांना पुलावरून तिकडे न्यायचे, गाडी झाडाखाली लावायचे, काचा खाली करायचे आणि आत बसून वरून येणारं गाणं ऐकायचे. त्यातला काकूंचा आवाज आपल्याला वेगळा ओळखू येतो असं त्यांचं म्हणणं होतं. येत असेल किंवा नसेल, पण आठवड्यातला हा तास त्यांना फार आवडायचा. एवढ्या वर्षांचं देणं आपण थोडं थोडं फेडतोय असं त्यांना वाटायचं, आणि ते वाटणं त्यांना हवं होतं.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र गाडीचे दिवे बिघडले. निदान काकांचं निदान तरी तसं होतं. अंधारायला लागलं की रस्त्याची कड नाहीशी व्हायची. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून सगळ्या काचेवर पसरायचा. पुलाचा कठडा कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते हे त्यांना आठवणीवर ठरवावं लागायचं.

"दिव्यांत दम राहिला नाही," काका म्हणाले.

"बाबा, डोळे तपासलेत का?" मुलीने फोनवर विचारलं.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? पेपर वाचतो की मी."

मोठे मथळे वाचायचे, ही गोष्ट खरी होती. मुलीचा प्रश्न त्यांना झोंबला त्याला कारण होतं. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर काहीतरी काढणार, मग मुलगी म्हणणार गाडी चालवू नका, आणि मग काकू गाण्याला जाणार त्या पलीकडच्या गल्लीतल्या बाईंबरोबर. त्या बाईही त्याच गटात गायच्या, मोठी नवी गाडी बाळगायच्या आणि भेटल्या की विचारायच्या, "आमच्याबरोबर येत जा ना, जागा आहे." काकांना त्या बाईंचा काही राग नव्हता. फक्त त्यांच्या गाडीत जागा आहे हे सारखं ऐकवलेलं त्यांना खपत नसे.

तेव्हा डोळ्यांचा विषय बंद आणि दिव्यांचा सुरू. काकांनी जुने बल्ब काढून नव्या पद्धतीचे एलईडी बल्ब आणले, आणि अंगणात गाडी उभी करून बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर दुधासारखा पांढरा उजेड पडला. शेजारच्या मांजराने पळ काढला. काकांची छाती फुगली. आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. त्याच्याखाली अक्षरं होती: बल्ब तपासा.

"बल्ब!" काका ओरडले.

"मला का सांगताय? तुम्हीच बसवलाय ना तो?" काकू खिडकीतून म्हणाल्या.

काकांनी खाली उतरून पाहिलं. डावा लागलाय, उजवा लागलाय. आत बसले. बल्ब तपासा. पुन्हा उतरले, तपासला. गाडीचं समाधान होईना. जन्मभर पिवळ्या दिव्याला मान दिलेला माणूस तो. दिवा लागलाय आणि बिघाड नाही, हा प्रकार त्यांना बघवेना. त्यांनी डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून पाहिला. मग गाडीला सगळं विसरायला लावू, असा विचार करून बॅटरीची वायर काढून ठेवली. चहा घेऊन आले, वायर जोडली. गाडी खरंच सगळं विसरली होती. घड्याळ विसरली, काकूंनी रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनं विसरली. पिवळा दिवा तेवढा तिच्या लक्षात होता.

"माझी गाणी गेली आणि तुमचा दिवा राहिला," काकू म्हणाल्या.

त्या आठवड्यात काका पिवळा दिवा समोर घेऊनच गाण्याला गेले. उजेड झकास होता. समोरचे लोक काकांना बघून दिवे मिचकावत होते, आणि काकांना वाटलं कौतुक चाललंय. पण कड काही दिसेना. उजेड पुष्कळ पडायचा आणि डोळ्यांपुढे धुकं तसंच. काकांनी त्याचंही कारण शोधलं. गाडीचं आपलं काहीतरी अडलंय, त्याशिवाय का ती बल्ब तपासा म्हणतेय? हा दिवा एकदा गेला की सगळं सुरळीत होईल.

काकू शेजारी बसून बोलत होत्या. गाण्याला जायला लागल्यापासून त्या फार बोलक्या झाल्यात असं काकांना वाटे. रस्त्यावरचं जे दिसेल त्यावर बोलायच्या. "अय्या, त्या सायकलवाल्याचा शर्ट बघा किती छान आहे." काका सायकलवाला शोधायचे, सापडला की गाडी जरा बाजूला घ्यायचे. "त्या आजींनी केवढी मोठी पिशवी घेतलीय, रस्ता कशा ओलांडणार देव जाणे." काका वेग कमी करायचे. "आता वळण येईल नाही का? मागच्या वेळी इथेच त्या फुलवालीचं दुकान होतं." काका वळायचे. बायकांना कपडे आणि दुकानं याशिवाय काही दिसत नाही, असं मनात म्हणत वळायचे.

दुसऱ्या दिवशी ते बाजारामागच्या बोळातल्या गाड्यांच्या वायरमनकडे गेले. तो चटकन भडकतो म्हणून सगळे त्याला शॉर्टसर्किट म्हणतात, आणि तसं म्हटलं की तो भडकतो. त्या दिवशी मात्र त्याची तार ठीक होती.

"काका, गाडीला डोळे नसतात," तो म्हणाला. "दिवा लागलाय का नाही हे तिला दिसत नाही. तो वीज किती खातो एवढंच तिला कळतं. जुना बल्ब खादाड होता. हा नवा चिमणीएवढं खातो. तिला वाटतं, जेवत नाही म्हणजे गेला."

"आमच्या घरीही असंच आहे. दोन घास कमी खाल्ले की हिला वाटतं मला ताप आला."

"मग हे घ्या." त्याने बोटभर लांबीचे दोन सोनेरी तुकडे टेबलावर ठेवले, प्रत्येकाला दोन वायरी. "रेझिस्टर. बल्बच्या शेजारी जोडायचा. उजेड देत नाही, काम करत नाही, नुसता वीज खातो आणि तापतो."

"असे दोघंतिघं आमच्या पंपघरातही होते."

"मग गाडीला वाटतं, सगळे पोटभर जेवले. दिवा जातो."

काकांनी तुकडा हातात घेतला. मनात जरा खुट्ट झालं. "म्हणजे हे तोंड दाबणंच झालं की."

"इशारा खोटा आहे, काका. खोट्याचं तोंड दाबलं तर काय बिघडलं?"

हे उत्तर काकांना इतकं पटलं की शॉर्टसर्किटचं पुढचं बोलणं ते मान हलवत ऐकत राहिले. पुढचं बोलणं असं होतं: हा चटका बसेल इतका तापतो, म्हणून लोखंडावर स्क्रूने बसवा, प्लास्टिकच्या आसपास नको, आणि खरं तर इथेच गाडी आणा, मीच बसवून देतो. काका उठले. "अरे, मी आयुष्यभर हेच केलं," म्हणाले आणि तुकडे खिशात टाकून घरी आले.

गाण्याच्या दिवशी दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं. डावा रेझिस्टर लगेच बसला. उजव्या बाजूला जागा अडचणीची होती, आत काळोख होता, आणि त्या काळोखात एक काळी पट्टी होती. काकांनी तिला भोकं पाडून रेझिस्टर स्क्रूने घट्ट बसवला. स्क्रू फार सहज आत गेले. काकांना आपल्या मनगटाचं कौतुक वाटलं.

काकू चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं. "ते लोखंडच आहे ना?"

"मला काय दिसत नाही का?"

चहा काकूंनी थेट काकांच्या हातात दिला, नेहमीसारखा शेजारी ठेवला नाही.

काकांनी किल्ली फिरवली, दिवे लावले. पिवळा दिवा क्षणभर दिसला आणि गेला. डॅशबोर्ड स्वच्छ! काकांना पंपघरातल्या पहाटा आठवल्या, सगळी भिंत हिरवीगार असायची त्या. त्यांनी काकूंना बोलावून काहीच नसलेला डॅशबोर्ड दाखवला. काकूंनी तो पाहिला आणि छान आहे म्हणाल्या.

संध्याकाळी पूल ओलांडताना कठड्याने दोनदा जवळ येऊन विचारपूस केली. काकू सायकलवाल्यांबद्दल जरा जास्तच बोलल्या. पण पोचले. काकू वर गेल्या. काकांनी गाडी झाडाखाली लावली, काचा खाली केल्या. इंजिन आणि दिवे मात्र चालूच ठेवले, कारण पिवळा दिवा न लागणं बघत बसायची त्यांना हौस वाटत होती. वरून गाणं सुरू झालं. काका खर्जातला आवाज शोधत डोळे मिटून बसले.

आधी वास आला. कोणीतरी कचरा जाळतंय असं त्यांना वाटलं. मग वाटलं, कचरा फार जवळ जळतोय. डोळे उघडले तर बॉनेटच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ वर चालली होती. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. त्यांनी इंजिन आणि दिवे बंद केले, उतरून बॉनेट वर केलं आणि हूटरसारखेच ओरडले, "गाडी!"

वरचं गाणं मध्येच तुटलं. खिडक्यांत बायका आल्या, आणि त्यांच्यामागून काकू जिन्यावरून धावत खाली. तोवर धूर विरला होता. उजव्या बाजूची काळी पट्टी मधोमध वितळून खाली लोंबत होती, आणि तिच्यात रेझिस्टर रुतून बसला होता.

"प्लास्टिक आहे हो ते," काकू म्हणाल्या. हळूच म्हणाल्या. त्या तर चार हात लांब उभ्या होत्या.

"लोखंड आहे," काका म्हणाले, आणि बोट लावलं. बोटाला पट्टीचा मऊ काळा धागा चिकटून आला. काका त्या बोटाकडे बघत राहिले. बोटही त्यांना स्पष्ट दिसत नव्हतं. ही गोष्ट काही आज घडली नव्हती, पण आज ती त्यांच्या हातालाच चिकटली होती. आपण हिला शेजारी बसवून पुलावरून आणतो, दर आठवड्याला.

मोठ्या गाडीच्या बाई पुढे आल्या. "अहो, जागा आहे आमच्या गाडीत. दोघांनाही सोडते." यात टोचण्यासारखं काही नव्हतं. बाई खरोखर चांगल्या होत्या, आणि तेच जास्त टोचलं.

"नको," काकू म्हणाल्या. "आम्ही आमच्याच गाडीने जाऊ. तुम्ही व्हा पुढे."

एकेक करून बायका गेल्या. तुकडे गार झाल्यावर काकांनी दोन्ही रेझिस्टरांच्या वायरी सोडवल्या आणि ते उपसून खिशात टाकले. किल्ली फिरवली. पांढरा उजेड झाडावर पडला. पिवळा दिवाही आला, बल्ब तपासा म्हणाला. काका चालकाच्या सीटवर, दार उघडं, एक पाय बाहेर. काकू दाराशी उभ्या. त्यांनी घाई केली नाही.

"तुझं लायसन्स कुठेय?" काकांनी विचारलं.

"पर्समध्ये. नेहमी असतं."

"नेहमी? इतकी वर्षं?"

"मला आवडते गाडी चालवायला," काकू म्हणाल्या. "तुम्हाला केवढी हौस होती. हार घालून उभे होतात, लहान मुलासारखे. म्हणून दिली किल्ली."

काकांना हे तोंडात मारल्यासारखं लागलं आणि त्याच वेळी जवळ घेतल्यासारखंही. आपण हिला काहीतरी देतोय म्हणून ते दर आठवड्याला ऐटीत बसले होते. देत होती ती. मग जे शब्द आयुष्यभर म्हटले तेच तोंडात आले. ते सीटवर ताठ बसले, डॅशबोर्डकडे बोट केलं.

"डावा दिवा ठीक," काका म्हणाले. "उजवा ठीक. पिवळा लागलाय तो खोटा, त्याच्यामुळे थांबायचं नाही. उजवीकडची पट्टी जळाली, उद्या शॉर्टसर्किटला दाखवायची. तो माझ्यावर भडकेल, भडकू दे. पेट्रोल पुरेसं आहे. रेडिओची स्टेशनं माझ्यामुळे गेली."

काकूंनी हा रिवाज घरात जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर इतक्या वेळा ऐकला होता की पुढचा प्रश्न त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"आणखी काही?"

काकांनी स्टीअरिंगवरून हात फिरवला. वाचनालयाच्या वरच्या खिडकीतला दिवा कोणीतरी मालवला.

"डावा डोळा," ते म्हणाले. "गेल्या हिवाळ्यापासून. उजवाही आता तितका बरा नाही. सांगितलं नव्हतं. तुला गाण्याला मला न्यायचं होतं."

"घेतलं," काकू म्हणाल्या.

तेव्हाच काका उठले. गाडीला वळसा घालून ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले. काकूंनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गाडी अशी सफाईने काढली की काकांचा हात उगाचच दाराच्या मुठीकडे गेला होता तो परत आला. पिवळा दिवा जळत होता. काकांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पुलावर चढल्यावर काकूंना सवयीने राहवलं नाही. "त्या सायकलवाल्याचा शर्ट बघा किती छान आहे."

"तुला दिसला ना?" काका म्हणाले. "मग झालं."